खाली माणूस आहे: बुडी मारणाऱ्यांसाठी घरच्या घरी बोया आणि बावटा

‘आयएनएस गुलदार’ ही युद्धनौका जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झाली. ती निवतीजवळच्या समुद्रात बुडवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना जाहीर झाली आणि मालवण-वेंगुर्ला पट्ट्यात बुडी मारण्याचा विषय पुन्हा तोंडोतोंडी झाला. तारकर्लीला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारणं) प्रशिक्षण केंद्र आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास मास्क आणि श्वासाची नळी लावून प्रवाळ बघणारे पर्यटक तर आता नेहमीचेच झालेत. शिवाय कसलाही गाजावाजा न करता खडपात उतरून कालवं काढणारे, अडकलेलं जाळं सोडवायला बुडी मारणारे, सुट्टीत गावी आल्यावर नवा मास्क घेऊन पाण्यात शिरणारे असे कितीतरी जण आहेत.

या सगळ्यांच्या डोक्यावरून त्याच पाण्यात किल्ल्याच्या होड्या जातात, बनाना राइड ओढणाऱ्या बोटी जातात, जेट स्की जातात, मासळी घेऊन बंदराकडे निघालेल्या नौकाही जातात. खाली माणूस आहे हे वर कळायचं कसं? त्यासाठी जगभर एक साधी वस्तू वापरतात: पाण्यावर तरंगणारा बोया आणि त्यावर ठरावीक खुणेचा बावटा. ही वस्तू घरी करता येते, आणि ती का तशीच करायची हे समजून घेतलं तर चांगली करता येते.

डोकं दिसतंच की, मग बावटा कशाला?

किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं तर दिसतं. बोटीतून दिसत नाही, आणि प्रश्न बोटीचाच आहे.

तरंगणाऱ्या माणसाचं डोकं पाण्याबाहेर जेमतेम वीतभर असतं. नळी लावून पालथा पोहणारा तर तेवढाही वर नसतो. छोट्या होडीत बसलेल्या चालकाचे डोळे पाण्यापासून दीड-दोन मीटर उंच. शंभर मीटरवरून त्याची नजर पाण्याला जवळजवळ समांतरच जाते, त्यामुळे अर्ध्या मीटरची लाटसुद्धा मधे आली की डोकं तिच्याआड जातं. त्यात दुपारनंतर सूर्य पश्चिमेला, म्हणजे आपल्याकडे समुद्राच्या बाजूला असतो आणि पाणी चकाकत असतं. आउटबोर्ड इंजिनची बोट वेग घेते तेव्हा तिचं नाक वर उठतं आणि नेमकं समोरचं पाणी चालकाला दिसेनासं होतं.

आता वेग बघा. २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, सेकंदाला साधारण १० मीटर. नव्वद मीटरवर काहीतरी काळं दिसलं, ते कासव की नारळ की माणूस हे ठरवायचं आणि सुकाणू फिरवायचं, या सगळ्याला मिळून नऊ सेकंद.

खालच्या माणसाला इंजिन ऐकू येतं, मग तो सावध होणार नाही का? ऐकू येतं, पण कुठून ते कळत नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात १५०० मीटरच्या आसपास. आवाज एका कानाशी आधी आणि दुसऱ्याशी किंचित नंतर पोचतो, त्या फरकावरून आपला मेंदू दिशा ओळखतो. पाण्यात हा फरक इतका कमी होतो की बोट चहूबाजूंनी येतेय असंच वाटतं. बुडबुड्यांवरही विसंबू नये. लाटांच्या फेसात ते ओळखू येत नाहीत, आणि श्वास रोखून बुडी मारणाऱ्याचे बुडबुडे निघतच नाहीत.

दोन बावटे, दोन अर्थ

पहिला बावटा आंतरराष्ट्रीय आहे. जहाजांच्या सांकेतिक झेंड्यांमध्ये ‘ए’ अक्षराचा झेंडा असतो, त्याला ‘अल्फा’ म्हणतात. काठीकडची अर्धी बाजू पांढरी, बाहेरची निळी, आणि निळ्या बाजूला खोबणीसारखा काप. अर्थ: माझा पाणबुड्या खाली आहे, दूर राहा आणि सावकाश जा. समुद्रात टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यात पाणबुड्या उतरवणाऱ्या लहान बोटींना या झेंड्याची किमान एक मीटर उंच, न दुमडणारी आणि सगळ्या बाजूंनी दिसणारी प्रतिकृती लावायला सांगितलं आहे. हा झेंडा बोटीचा. आपल्या माणसामुळे बोटीला हवं तसं वळता-हलता येत नाही, हे तो इतरांना सांगतो.

दुसरा बावटा लाल, त्यावर वरच्या काठीकडच्या कोपऱ्यातून खालच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे जाणारा पांढरा तिरका पट्टा. तो १९५० च्या दशकात अमेरिकेत रुजला आणि आज स्कूबावाल्यांच्या टी-शर्टवर, गाड्यांच्या स्टिकरवर सगळीकडे दिसतो. हा बावटा माणसाचा: इथे, याच्या आसपास, कुणीतरी खाली आहे. बोयावर लावायचा तो हाच.

मग नुसतं लाल फडकं चालणार नाही का? आपल्या किनाऱ्यावर तर मुळीच नाही. पुळणीवर रोवलेला लाल झेंडा म्हणजे पोहायला मनाई. नौकांवर भगवे असतात, देवाचे लाल असतात, निवडणुकीनंतर उरलेले असतात. यातलं कुठलंही फडकं पाहून कुणी इंजिन कमी करत नाही. सगळा अर्थ त्या पांढऱ्या तिरक्या पट्ट्यात आहे, तेव्हा पट्टा बारीक करू नका. झेंड्याच्या रुंदीच्या पाव भागाएवढा तरी हवा.

बोया: दोन डबे, एक पाइप, दोन किलो शिसं

बोया तरंगतो कशामुळे? बुडलेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा पाणी तिला खालून वर देतं. याला उत्प्लावक बल म्हणतात. इथून पुढे नुसता ‘रेटा’ म्हणू. एक लिटरचा बंद रिकामा डबा पूर्ण बुडवला तर साधारण एक किलोचा रेटा मिळतो, समुद्राच्या पाण्यात अडीच टक्के जास्त. म्हणजे हिशेब लिटरला किलो.

पाच लिटरचे खाद्यतेलाचे दोन रिकामे डबे घ्या. दहा किलोचा रेटा झाला. काठी, शिसं, बावटा आणि डबे मिळून तीन किलोच्या आसपास भरतं. उरलेला सात किलोचा रेटा दमलेल्या माणसाला धरून श्वास घ्यायला पुरतो. एकच पाच लिटरचा डबा घेतला तर बोया तरंगतो, पण त्याला धरलं की तो तुमच्याबरोबर खाली येतो. २० लिटरचा कॅन घेणारे आहेत. धरायला तो उत्तम, पण वारा त्यालाच जास्त पकडतो आणि मग ओढत नेताना हात भरून येतात.

काठी म्हणून दीड मीटर लांबीचा इंचभर जाडीचा पीव्हीसी पाइप घ्या, दोन्ही तोंडांना टोप्या चिकटवा. डब्याला भोक पाडून त्यातून पाइप घालायचा मोह होतो. तसं करू नका, भोक कधी ना कधी गळतंच. पाइपच्या दोन बाजूंना एकेक डबा ठेवून कड्यांमधून नायलॉनची दोरी ओवा आणि घट्ट आवळा, म्हणजे एक फुटला तरी दुसरा तरंगत राहतो. झाकणांना आट्यांवर टेफ्लॉन टेप लावा. डब्यांना नारिंगी रंग द्यायच्या भानगडीत पडू नका, या प्लास्टिकला रंग धरत नाही, दुसऱ्या दिवशी पोपडे सुटतात. नारिंगी किंवा पिवळ्या कापडाची पिशवी शिवून चढवा. निळी पिंपं आपल्याकडे घरोघरी पडलेली असतात आणि हाताला तीच आधी लागतात, पण समुद्रावर निळं काय दिसणार?

डबे पाइपच्या अशा जागी बांधा की वर ऐंशी-नव्वद सेंटिमीटर काठी राहील आणि खाली साठेक सेंटिमीटर. खालच्या टोकाला दोन किलो शिसं. हे शिसं या सगळ्या खटाटोपाचा कणा आहे. नुसत्या डब्यावर काठी उभी केली तर पहिल्या झुळुकीला आडवी होते. वजन जितकं खाली, तितका बोया सरळ व्हायला धडपडतो.

किती वजन लागतं याचा हिशेब अवघड नाही. ३५ बाय ४० सेंटिमीटरच्या ताठ बावट्यावर ताशी तीसेक किलोमीटरचा वारा समोरून आला तर साधारण अर्ध्या किलोचा जोर बसतो, तोही पाण्यापासून पाऊण-एक मीटर उंचीवर. खाली साठ सेंटिमीटरवर दोन किलो असेल तर काठी वीसेक अंश कलून थांबते. बावटा दुप्पट केला तर खालचं वजन किंवा काठीची खालची लांबीही वाढवावी लागते. ‘झेंडा मोठा तितका बरा’ असं म्हणणाऱ्याने आधी तो वाऱ्यात उभा करून दाखवावा.

शिशाऐवजी दगड का नको? जांभा पाण्यात आपलं जवळजवळ निम्मं वजन हरवतो, काळा दगड एक तृतीयांश, शिसं जेमतेम नऊ टक्के. जांभा बांधलात तर पाण्यात वजन उरतं थोडं आणि धोंडा मात्र भलाथोरला. जाळ्याला लावायचं शिसं दोरखंडाच्या दुकानात मिळतं, तेच कापडी पिशवीत भरून पाइपला बांधा.

थर्माकोलबद्दल एवढंच सांगतो की तो तरंगतो छान, पण वर्षभरात त्याचे मणी सुटून समुद्रभर होतात. ट्रकची ट्यूब धरून विसावायला झकास असते, पण दुपारच्या उन्हात आतली हवा तापून ती तणावते आणि कालवांच्या एका धारेने संपते.

तयार झालेला बोया आधी विहिरीत सोडून पाहा. काठी हाताने पाण्यापर्यंत आडवी करा आणि सोडा. ती आपणहून उभी राहिली तर समुद्रात न्या. विहिरीच्या गोड्या पाण्यात जो तरंगतो तो खाऱ्या पाण्यात जरा जास्तच तरंगतो.

वारा नसतानाही दिसणारा बावटा

कापड भिजलं की काठीला चिकटतं, आणि हिवाळ्यातल्या सकाळी आपल्याकडे वारा फार नसतोच. म्हणून बावटा फडकण्याची वाट बघणारा नको, ताणलेला हवा. वरच्या आणि खालच्या कडेला सळईसारखी पातळ आडवी काठी घाला. कापड छत्रीचं किंवा जुन्या फ्लेक्सचं घ्या. गावागावात वाढदिवसांचे इतके फ्लेक्स निघतात की लाल पार्श्वभूमीचा एखादा सहज सापडेल; फक्त शुभेच्छुकांचे चेहरे आत राहतील असं शिवा. पट्टा दोन्ही बाजूंनी दिसला पाहिजे.

मापासाठी एक संदर्भ देतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात बोयावरचा बावटा किमान १२ बाय १२ इंच आणि बोटीवरचा किमान २० बाय २४ इंच असावा असा कायदा आहे. वर सांगितलेलं ३५ बाय ४० सेंटिमीटरचं माप बोयाच्या किमान मापापेक्षा थोडं मोठं आहे. त्याच कायद्यात पाणबुड्याने मोकळ्या पाण्यात बावट्यापासून ३०० फुटांच्या, म्हणजे ९१ मीटरच्या आत राहायचा प्रयत्न करावा, अरुंद जलमार्गात १०० फुटांच्या आत, आणि बोटींनी तेवढंच अंतर राखावं असं आहे. तो कायदा तिथला, पण अंतरामागचा हिशेब इथेही लागू पडतो. नव्वद मीटर म्हणजे मघाशी मोजले ते नऊ सेकंद.

या अंतराचा उलटा अर्थ पुष्कळ जण विसरतात. बावट्यापासून दोनशे मीटर लांब जाऊन वर आलात, तर बावटा बोटीला तुमच्यापासून दूर वळवण्याऐवजी तुमच्या अंगावरही वळवू शकतो.

दोरी कमरेला बांधायची नाही

बोया मोकळा सोडला तर तो तुमच्या आधी फिरायला निघतो. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे त्याला बाहेर नेतात, दुपारी खारे वारे किनाऱ्याला लावतात. म्हणून दोरी हवी.

लांबी खोलीच्या दीडपट घ्या. सहा मीटर पाण्याला नऊ मीटर. सिंधुदुर्गात उधाणाला भरती-ओहोटीचा फरक दोन मीटरच्या आसपास असतो, तोही यात सामावतो. सहा मिलिमीटरची पॉलिप्रॉपिलीनची दोरी पाण्यावर तरंगते, त्यामुळे प्रवाळात अडकत नाही. पण तिचा ढिला भाग वर पसरतो आणि बोटीच्या पंख्यात जाऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे बोयाच्या खाली दीडेक मीटरवर दोरीला शिशाची एक गोळी बांधायची, म्हणजे दोरी आधी सरळ खाली जाते. उरलेली दोरी लाकडी फिरकीवर गुंडाळून फिरकी हातात ठेवा.

हातातच. कमरेला, मनगटाला, टाकीच्या पट्ट्याला नाही. दोरी एखाद्या बोटीच्या पंख्यात गेली तर ती क्षणात गुंडाळली जाते आणि बांधलेला माणूस तिच्यामागे ओढला जातो. स्कूबा करणाऱ्याला यात दुसराही धोका आहे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. सावकाश श्वास सोडत आलं तर ठीक, ओढले गेलात तर फुप्फुस फाटू शकतं. हातातली फिरकी सोडून देता येते.

बोयाला नांगर टाकून एका जागी ठेवायचा असेल तर वाळूने भरलेली पोतडी वाळूतच ठेवा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं. तिथे प्रवाळावर लोखंडी गळ टाकणं म्हणजे जे बघायला आलात तेच मोडणं.

जाळ्याचा बावटा समजून कुणी उचलला तर?

सगळ्या आक्षेपांत मला हाच खरा वाटतो. आपल्या समुद्रात बांबू, थर्माकोल आणि फडकं दिसलं की त्याचा अर्थ ठरलेला असतो: इथे कुणाचं तरी जाळं आहे. तुमचा बोयाही लांबून तसाच दिसणार. एका अर्थी ते सोयीचं आहे, कारण जाळं पंख्यात जाऊ नये म्हणून कुठलाही तांडेल (मासेमारी नौकेचा म्होरक्या) त्यापासून लांबूनच वळतो. पण वाहून आलेलं कुणाचं तरी सामान समजून एखादा ते उचलायलाही जवळ येऊ शकतो.

घाटात ट्रक बंद पडला की क्लीनर मागे झाडाच्या फांद्या आणि दगड मांडतो. फांदीचा अर्थ कुठल्याही पाटीवर लिहिलेला नाही, पण रात्री त्या रस्त्याने येणारा प्रत्येक चालक गाडी हळू करतो, कारण तो त्याच रस्त्यावर वाढलेला असतो. लाल-पांढऱ्या बावट्याचं आपल्याकडे अजून तसं झालेलं नाही. स्कूबाच्या बोटी चालवणाऱ्या पोरांना तो माहीत आहे, पहाटे मासळी घेऊन परतणारा तांडेल तो बघून विचारेल, “ह्यो कसलो बावटो?”

तेव्हा बोया करण्याचं अर्धं काम जेटीवर आहे. बावटा घेऊन जा, मच्छीमार सोसायटीत दाखवा, होडीवाल्यांना दाखवा, बनाना राइडवाल्यांना तर आवर्जून. कुठे उतरणार, किती वाजता उतरणार, किती वाजेपर्यंत असणार हे सांगा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) कुठे लागणार आहे ते त्यांना विचारा आणि तिथे जाऊ नका. दहा मिनिटांचं काम आहे, आणि या लेखातला कुठलाही डबा किंवा पाइप त्याची जागा घेऊ शकत नाही. आणि नुसतं वर्णन करू नका, प्रत्यक्ष बावटा हातात द्या. एकदा पाहिलेली खूण तांडेल विसरत नाही, समुद्रावरच्या खुणा ओळखण्यावरच त्याचं पोट असतं.

‘आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बुडी मारतायत, त्यांना कुठे बावटा लागला?’

खरं आहे. पण तेव्हा त्या खडपाजवळून जाणारी होडी वल्ह्याची किंवा शिडाची होती, आणि तिच्यात बसलेला माणूस खालच्याला नावाने ओळखत होता. आज त्याच पाण्यात जेट स्कीवर बसलेला माणूस काल संध्याकाळीच मालवणात उतरलेला असतो.

बावटा पाहून पर्यटक बघायला जवळ येतील, हा आक्षेपही खोटा नाही, तसं होतं. त्याला उत्तर बोटवाल्याकडेच आहे, म्हणून त्याच्यासाठी चार ओळी. लाल-पांढरा बावटा दिसला की वेग कमी करा आणि नव्वद मीटर लांबून वळा. तसं वळायला पाणीच नसेल तर अगदी सावकाश, कुणाला तरी नाकावर उभं करून पुढचं पाणी बघत जा. बावट्याजवळ थांबावंच लागलं तर इंजिन न्यूट्रलला नाही, बंद करा. आणि बावट्याजवळ एक डोकं दिसलं म्हणून खाली दुसरं नाही असं धरून चालू नका.

विकतचा का घेऊ नये?

जरूर घ्या. स्कूबावाले हवेने फुगणारी लांबट नारिंगी नळी वापरतात, ती खालून फुगवून वर सोडता येते आणि घडी करून खिशात मावते. शिकलेल्या माणसाच्या हातात ती घरच्या बोयापेक्षा सरस आहे. मास्क आणि नळी लावून पाच-सहा मीटरमध्ये रमणाऱ्याला मात्र वर कायम उभा असलेला, धरून विसावता येणारा बोया जास्त उपयोगी. तो जीवरक्षक जॅकेट नाही, हे मात्र घरातल्या पोरांना बजावून सांगा. ज्याला पोहता येत नाही त्याने तो घेऊन पाण्यात शिरू नये. एकट्याने उतरू नये, खाडीच्या मुखाशी ओहोटीला उतरू नये, आणि पावसाळ्यात तर समुद्राचं नावच काढू नये.

वर येताना दोरीच्या आधाराने बोयाजवळच या, शेवटच्या दोन मीटरात एक हात डोक्याच्या वर ठेवा आणि गोल फिरून चहूकडे बघा. पाण्याबाहेर आलात की बावटा लगेच काठीवरून काढून पिशवीत टाका. होडीवर किंवा अंगणात तो दिवसभर लावून ठेवायची हौस नको. खाली कुणी नसताना लावलेला बावटा चारदा दिसला, की पाचव्या वेळी तांडेल वेग कमी करत नाही. घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवा, डबे हलवून आत पाणी वाजतंय का बघा, आणि बावटा सावलीत वाळवा. उन्हाने लाल रंग मे महिन्यापर्यंत गुलाबी पडतो आणि पांढरा पट्टा त्यात विरघळतो, म्हणून दर ऑक्टोबरला नवा शिवायचा.